कुरटे बेटाभोवतीचे प्रवाळ

कुरटे हे मालवणच्या किनाऱ्यापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवरचे खडकाळ बेट. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी याच खडकावर सिंधुदुर्गाचे काम सुरू केले आणि पुढच्या तीन वर्षांत ४८ एकरांचे हे बेट सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या तटाने बांधून काढले. किल्ला पाहायला येणाऱ्यांची गर्दी आजही मुख्यतः तटाच्या आत असते. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, शिवराजेश्वराचे मंदिर, चुन्यातले हातापायांचे ठसे एवढे पाहून होडी परत फिरते. गेल्या काही वर्षांत मात्र काही होड्या जेट्टीवरून निघून किल्ल्याच्या दरवाजाकडे न जाता तटाला वळसा घालून दर्याच्या अंगाला जाऊ लागल्या आहेत. तिथे पाण्याखालच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहे. महाराष्ट्रात सामान्य प्रवाशाला तोंडावर मास्क लावून, पाण्यावर तरंगत प्रवाळ पाहता येईल अशी एवढी जवळची दुसरी जागा नाही.

तरीही कुरटे हे प्रवाळबेट नव्हे, आणि हा फरक माहीत नसलेला पाहुणा हमखास निराश होतो. जाहिरातींतील निळेशार पाणी आणि पांढरी वाळू ही लक्षद्वीप किंवा मालदीवची असते. तिथे जमीनच प्रवाळाने घडवलेली आहे. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचत जाते, त्याच्या काठाने वाढणारे प्रवाळ मात्र उजेडाच्या ओढीने वर वर चढत राहते. शेवटी मूळ बेट बुडते आणि उथळ खाजणाभोवती प्रवाळाचे कंकण तेवढे उरते. मालवणला असे काही घडलेले नाही. इथे प्रवाळ जमीन बांधत नाही. तो आधीच असलेल्या खडकावर भाडेकरूसारखा राहतो आणि घरमालक कडक आहे. चार महिने गढूळ पाणी, पावसात घटणारा खारटपणा, मे महिन्यातला उकाडा आणि बारमाही गाळ सोसून जो टिकतो तोच इथे दिसतो. मालवणच्या प्रवाळाचे महत्त्व रंगांच्या उधळणीत नसून या चिवटपणात आहे.

भारतात प्रवाळभित्तींचे चार मोठे प्रदेश मानले जातात. कच्छचे आखात, लक्षद्वीप, मन्नारचे आखात व पाल्कची खाडी, आणि अंदमान-निकोबार हे ते चार. महाराष्ट्राचा किनारा या यादीत नाही. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे सय्यद झहूर कासिम आणि एम. व्ही. एम. वफर यांनी १९७९ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यात मालवणचाही समावेश होता. आठ वर्षांनी, १३ एप्रिल १९८७ रोजी, मालवण सागरी अभयारण्याची अधिसूचना निघाली. त्याचे क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर असून गाभा क्षेत्र ३.१८२ चौरस किलोमीटरचे आहे. किल्ल्याजवळचा छोटा पद्मगड आणि आसपासचे बुडीत खडक गाभ्यात येतात, तर सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवणचा बराचसा समुद्र गाभ्याबाहेरच्या पट्ट्यात येतो.

प्रवाळाची घडण समजली की त्याला कुठे राहता येते आणि कुठे नाही हे आपोआप कळते. एकेक प्रवाळ म्हणजे तोंडाभोवती शुंडकांची झालर असलेला इवलासा प्राणी. तो समुद्रातील कॅल्शियम घेऊन स्वतःभोवती चुनखडीचा पेला तयार करतो आणि अशा हजारो प्राण्यांची मिळून एक वसाहत होते. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते, त्यातला मोठा हिस्सा प्रवाळाला देते आणि बदल्यात आसरा व खतपाणी घेते. प्रवाळाचा रंग बराचसा या शैवालाचाच असतो. ऊन पोहोचले नाही तर हा व्यवहार बंद पडतो, म्हणून भित्ती बांधणारे प्रवाळ उथळ आणि नितळ पाण्यात वाढते. अंगावर गाळ बसला तर प्रवाळ चिकट स्राव सोडून तो ढकलून देतो, पण या कामात त्याची बरीच ऊर्जा खर्च होते. गाळ सतत पडत राहिला तर तो उपासमारीने मरतो.

ठाणे जिल्ह्याच्या वाचकाला हा गाळ चांगला परिचयाचा आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले, तेव्हा डब्यांभोवती पसरलेले तांबूस पाणी उल्हास नदीचे होते. सह्याद्रीच्या उतारावरून सुटलेली माती घेऊन ही नदी बदलापूर, कल्याण करीत वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. अंबरनाथच्या बाजूने उगम पावणारी वालधुनी उल्हासनगरचे सांडपाणी आणि कारखान्यांचा रंग घेऊन कल्याणजवळ तिच्यात उतरते. मातीमुळे पाण्यातला उजेड कमी होतो आणि सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर शेवाळ माजून खडकावरची मोकळी जागा व्यापते. प्रवाळाला दोन्ही मारक. तरीही मुंबईच्या किनाऱ्यावर तो पूर्णपणे नाहीसा झालेला नाही. सागरी किनारा मार्गाच्या बांधकामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळाच्या छोट्या वसाहती आढळल्या आणि २०२० मध्ये त्या उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या. मात्र त्या गुडघाभर ओहोटीच्या पाण्यात, वाकून शोधाव्या लागणाऱ्या वसाहती. तिथे मास्क लावून पाहण्यासारखे काही नाही.

मालवणलाही नद्या आहेत. उत्तरेला गड नदी आणि दक्षिणेला देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, आणि वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो. फरक एवढाच की या नद्या लहान आहेत, त्यांच्या काठी मोठे शहर नाही आणि किल्ल्याच्या बाहेरच्या खडकांना दर्याचे पाणी सतत धूत असते. पाऊस थांबला की काही आठवड्यांत गाळ खाली बसतो. ऑक्टोबरात पाणी अजून हिरवट असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्च-एप्रिलमध्येही पाणी बरे असते, पण तोवर दुपारचा वारा जोर धरू लागतो. स्वच्छ दिवशी चार-सहा मीटर खालचा खडक पृष्ठभागावरून स्पष्ट दिसतो, वाईट दिवशी स्वतःच्या पायाचे फिनही दिसत नाहीत. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलपर्यटन बंद ठेवण्यात येते. हा नियम कागदी नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंग करून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. मेच्या शेवटच्या पंधरवड्यात समुद्राचा स्वभाव बदललेला असतो, आणि शाळांच्या सुट्ट्याही नेमक्या त्याच दिवसांत संपत आलेल्या असल्याने गर्दी सर्वांत जास्त असते.

महिना ठरला की तिथी पाहावी. हा सल्ला जुनाट वाटेल, पण त्याच्याइतका उपयोगाचा दुसरा नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. पाणी जास्त चढते, जास्त उतरते, प्रवाह जोराचा असतो आणि तळाची वाळू ढवळून निघते. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भांग असतो. तेव्हा पाण्याची हालचाल मंद असते. भरतीची वेळ काढायला कोकणात पाऊणपटीचा हिशेब वापरतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हा हिशेब मुंबईकडच्या पाण्याला बेताचा लागू पडतो; मालवणला भरती थोडी आधी येते. भरती चढताना बाहेरच्या दर्याचे स्वच्छ पाणी आत येते आणि ओहोटीला खाडीचे गढूळ पाणी बाहेर पडते, म्हणून भरतीच्या आगेमागेचा तास चांगला. त्यातच सकाळी समुद्र शांत असतो आणि उन्हे चढल्यावर खारे वारे सुटून पाण्यावर लाटा उठतात. या सगळ्याची बेरीज केली तर दशमी ते द्वादशी, सकाळी साडेसात ते साडेनऊ हा काळ हाती लागतो. शनिवार-रविवार आणि नाताळची सुट्टी पाहून आरक्षण करणारा प्रवासी या हिशेबाच्या वाटेला सहसा जात नाही.

बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरहून मालवणला जाण्यासाठी आधी लोकलने ठाणे गाठावे लागते. कोकणकन्या, मांडवी या गाड्या तिथे थांबतात. तिकिटाच्या गर्दीत न पडता निवांत जायचे असेल तर दिव्याहून सुटणारी सावंतवाडी गाडी आहे. मालवणला स्वतःचे स्थानक नाही. कुडाळ किंवा कणकवलीला उतरून एसटी, रिक्षा अशी पुढची वाट धरावी लागते. कुडाळ त्यातल्या त्यात जवळ, सुमारे तीस किलोमीटरवर. मुक्कामाला मालवण शहर, चिवला वेळा, तारकर्ली किंवा देवबाग. घरोघरी न्याहारी-निवास योजनेतल्या खोल्या मिळतात आणि जेवणाचा प्रश्न उरत नाही.

स्नॉर्केलिंगसाठी लागणारे सामान थोडके असते. डोळे आणि नाक झाकणारा मास्क, तोंडात धरायची वाकडी नळी, कधी पायांत फिन आणि कायम अंगावर लाइफ जॅकेट. नाक मास्कमध्ये बंद असल्याने श्वास तोंडानेच घ्यावा लागतो. नवख्याची पहिली पाच मिनिटे याच सवयीत जातात. ती उथळ पाण्यात, पाय टेकत असताना घालवावीत. होडीवरून उडी मारल्यावर शिकायला घेणे हे घाबरण्याचे मुख्य कारण ठरते. नळी फार लांब नसते आणि त्यामागे कारण आहे. मीटरभर खोलीवर छातीवर पाण्याचा इतका दाब पडतो की पृष्ठभागावरची हवा फुप्फुसात ओढणे स्नायूंना जमत नाही. शिवाय लांब नळीत उच्छ्वासाची हवा साचून तीच पुन्हा आत जाते. म्हणून स्नॉर्केलिंग हे पृष्ठभागावरचेच काम. खाली उतरायचे तर श्वास रोखून बुडी मारावी किंवा पाठीवर सिलिंडर घेऊन स्कूबा करावे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कूबाचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण देणारी संस्था उभारली आहे. किल्ल्याजवळ पर्यटकांना मिळणारा अनुभव मात्र प्रशिक्षणाचा नसून गाइडने हात धरून घडवून आणलेल्या एका बुडीचा असतो.

पाण्याखाली डोळ्यांचीही थोडी फसवणूक होते. पाण्यातून काचेमागच्या हवेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपट अंतरावर आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या भासतात. हाताच्या टप्प्यात वाटणारा खडक प्रत्यक्षात तेवढा जवळ नसतो आणि परतल्यावर सांगितलेला मासा प्रत्यक्षात तेवढा मोठा नसतो. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच पाण्यात शोषला जातो, म्हणून खोल जाऊ तसे सगळे निळे-करडे दिसते. या बाबतीत तरंगणाऱ्याचा फायदा असा की वरच्या दोन-तीन मीटरांतले रंग बरेचसे शाबूत असतात.

आता खडकावर प्रत्यक्ष काय दिसते ते पाहू. मालवणच्या प्रवाळात हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांचे ॲक्रोपोरा जवळजवळ नाही. त्याऐवजी गोल घुमटाचे पोराइट्स, ताटासारखे किंवा फनेलसारखे पसरलेले टर्बिनेरिया आणि खाचाखाचांचे फेव्हाइट्स, गोनियास्ट्रिया असे जाडजूड, गाळ सोसणारे प्रकार आहेत. घुमटावरचा गाळ उतारावरून आपोआप घसरतो. फनेलमध्ये तो साचतो, पण टर्बिनेरिया तो साफ करण्यात तरबेज आहे. पोराइट्स वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढते. मीटरभर रुंदीचा घुमट दिसला तर त्याची सुरुवात अर्ध्या शतकापूर्वी झालेली असते. दिवसा बहुतेक प्रवाळ-प्राणी आपल्या पेल्यात मिटून असतात आणि रात्री शुंडके पसरून शिकार करतात, त्यामुळे सकाळच्या पाहुण्याला दगडच दिसतो. गोनिओपोरा याला अपवाद. त्याचे लांब देठाचे प्राणी दिवसाच उमललेले असतात आणि प्रत्येकाला नेमकी चोवीस शुंडके असतात. पाण्याच्या हेलकाव्याबरोबर डुलणारा तपकिरी-हिरवा झुबका दिसला तर तिथे थांबावे, कारण प्रवाळ जिवंत असतो हे सांगून पटत नाही ते इथे पाहून पटते.

प्रवाळाच्या आजूबाजूला हिवाळ्यात सरगॅसमचे तपकिरी शैवाल रान माजवते. हवेच्या बारक्या पिशव्यांमुळे त्याच्या फांद्या उभ्या राहतात आणि लहान माशांना दडायला जागा मिळते. खडकाच्या कडेला समुद्रपंखे असतात. ते प्रवाळाचेच नातेवाईक, पण चुनखडीचा दगड न बांधता पंख्यासारखी लवचीक जाळी विणणारे. स्पंज, समुद्रफुले आणि पॅलिथोआचे पिवळट गालिचे बाकीची जागा व्यापतात. पॅलिथोआच्या काही जातींत अतिशय जहाल विष असते, तेव्हा गालिचा दिसायला मऊ असला तरी हात लावण्याजोगा नाही.

माशांत सर्वांत आधी भेटतात ते पिवळट अंगावर पाच काळे पट्टे असलेले सार्जंट मासे. होडी थांबताच त्यांचा थवा जवळ येतो, कारण गाइड पाव टाकणार हे त्यांना माहीत झालेले असते. छायाचित्र छान येते, पण पावाच्या नादाने खडकावरचा समतोल बिघडतो. धीट, आक्रमक मासे वाढतात आणि खडकावरचे शेवाळ खाऊन प्रवाळाला जागा मोकळी करणे हे ज्यांचे काम, त्यांना बाजूला सारले जाते. पोपट मासा हा अशा उपयोगी माशांतला मुख्य. चोचीसारख्या दातांनी तो खडक खरवडतो, शेवाळ पचवतो आणि चुनखडीची भुकटी वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो. पाण्यात कान असल्याने तो करकर आवाज ऐकूही येतो. जोडीने फिरणारे चपटे फुलपाखरू मासे प्रवाळावर टोचे मारताना दिसतात. कपारीत डोकावले तर मोरे वाम किंवा शेवंड, पुढे झुकलेल्या खडकाखाली हेकरू, आणि वाळूच्या पट्ट्यात अंगावर वाळू ओढून बसलेले पाकट. बाजारात टोपलीत पाहिलेले तांबोशी आणि माकूळ इथे जिवंत भेटतात, आणि माकूळ क्षणात रंग बदलतो हे मच्छीबाजारात कधीच दिसत नाही. केंड मासा डिवचल्याशिवाय फुगत नाही. त्याला फुगवून दाखवणे हा त्याच्या जिवावरचा खेळ आहे.

धोके आहेत, पण ज्यांची भीती वाटते ते नव्हेत. मालवणच्या पाण्यात समुद्री साप विपुल आहेत. हायड्रोफिस गणातील दोन जाती मच्छीमारांच्या जाळ्यात नेहमी येतात आणि त्यांच्यावर इथे शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. ते विषारी आहेत, मात्र पोहणाऱ्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. दंश होतो तो बहुधा जाळ्यातून साप सोडवणाऱ्या खलाशाला. पर्यटकाला जखम होते ती कालवांमुळे. खडकाला चिकटलेल्या कालवाची धार ब्लेडसारखी असते आणि उथळ पाण्यात पाय टेकवला की तळवा कापतो. त्याखालोखाल समुद्री साळिंदराचे काटे. सिंहमाशाच्या तुऱ्यांत विष असते, पण तो अंगावर येत नाही. या सर्वांवर एकच उपाय, खडकावर उभे न राहणे. याने प्रवाळही वाचतो. जेलीफिश मात्र स्वतःहून येऊन भिडते. अंगभर बाह्यांचा तंग कपडा घातला तर तिच्यापासून आणि उन्हापासूनही बचाव होतो, आणि सनस्क्रीन कमी लागते. सनस्क्रीनमधील ऑक्सिबेन्झोनसारखी रसायने प्रवाळाला अपायकारक ठरतात म्हणून हवाईने त्यांच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी घातली आहे.

बेटाजवळ न उतरताही बरेच काही दिसते. देवबाग ते निवतीच्या पट्ट्यात पाठीवर वशिंड असलेले डॉल्फिन किनाऱ्याच्या अगदी जवळ वावरतात. चार होड्यांनी चारी बाजूंनी पाठलाग केला की ते खोल बुडी मारून निघून जातात. इंजिन बंद करून थांबणाऱ्या होडीला ते जास्त वेळ दिसतात, पण असा संयम असणारा होडीवाला आणि तेवढाच संयम असणारे गिऱ्हाईक यांची गाठ क्वचित पडते. तोंडवळी आणि वायंगणीच्या वाळूवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात. २०१५ मध्ये तर सिंधुदुर्गच्या समुद्रात निळा देवमासा आणि त्याचे पिल्लू दिसल्याची नोंद झाली.

प्रवाळाला सर्वांत जवळचा धोका पाहायला येणाऱ्यांचाच आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मालवणच्या अभयारण्यात हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळ तुटत असल्याचे दाखवून दिले. नांगर खडकावर टाकला की वर्षानुवर्षे वाढलेला घुमट एका झटक्यात फुटतो. पोहता न येणाऱ्या पर्यटकाला छायाचित्रासाठी खडक धरून बसवले तर त्याच्या हाताखालचे प्राणी चिरडतात. यावरचा तांत्रिक उपाय सोपा आहे. होड्या बांधायला कायमचे तरंगते बोये हवेत, म्हणजे नांगर टाकायची गरजच उरत नाही. अवघड आहे ती अंमलबजावणी. तरंगण्याची सवय नसलेल्या माणसाला पाच मिनिटांत समुद्रात उतरवून छायाचित्रासह परत आणायचे, हे धंद्याचे गणितच प्रवाळाच्या विरोधात जाते.

कायदा कडक आहे. भित्ती बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीत वाघही आहे. किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला तुकडा शोभेसाठी बॅगेत टाकणे हाही गुन्हा ठरतो. (अंगठीतले लाल पोवळे ही निराळी चीज आहे. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या एका जातीपासून मिळते आणि मालवणच्या प्रवाळाशी त्याचा संबंध नाही.)

अभयारण्याला मात्र स्थानिकांचा विरोध जुना आहे. इथल्या गाबित या मच्छीमार समाजाची उपजीविका रापण (किनाऱ्यावरून ओढायचे जाळे), गळ आणि लहान जाळी यांवर चालत आली. अधिसूचना निघाली तेव्हा आपले पाणी आपल्यालाच बंद होणार अशी त्यांची भावना झाली, आणि ती निराधार नव्हती. दरम्यान यांत्रिक बोटींनी आणि पर्ससीन जाळ्यांनी माशांचे थवेच्या थवे उचलले. त्या तुलनेत रापणकराचे जाळे समुद्राचे काय बिघडवणार होते, हा प्रश्न गैर म्हणता येत नाही. पुढे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साह्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी राबवलेल्या प्रकल्पात लहान पिल्ले निसटून जातील अशी चौकोनी आसाची जाळी देणे, तरुणांना गाइडचे प्रशिक्षण देणे असे प्रयोग झाले. आज किल्ल्यामागे पर्यटकांना पाण्यात उतरवणारे बहुतेक तरुण याच मच्छीमार घरांतले आहेत. कुठल्या कपारीत काय आहे हे त्यांना पाठ असते. घाई न करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते किंग्ज गार्डन नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागाचा कोपरान् कोपरा दाखवतात.

दूरचा धोका तापमानाचा. पाणी नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभराने जरी काही आठवडे जास्त तापले तरी प्रवाळ आणि शैवाल यांचा संसार मोडतो. शैवाल बाहेर फेकले जाते, पारदर्शक कातडीतून खालची चुनखडी दिसू लागते आणि प्रवाळ पांढरा पडतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो. नाही तर महिन्या-दोन महिन्यांत मरतो आणि त्यावर शेवाळ चढते. २०१४-१५ च्या सुमारास मालवणला असे पांढरे पडलेले प्रवाळ नोंदले गेले. जगभरात अशा चौथ्या व्यापक घटनेची घोषणा एप्रिल २०२४ मध्ये झाली. मालवणच्या पाहुण्याने पांढराशुभ्र घुमट पाहिला तर तो सुंदर प्रकार नसून आजारी प्रवाळ आहे, एवढे ओळखता आले पाहिजे.

महाराष्ट्राच्या हद्दीसमोर याहून कितीतरी समृद्ध प्रवाळ आहे, पण तो किनाऱ्यावरून गाठता येत नाही. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे आंग्रिया बँक हे बुडीत पठार आहे. त्याचा माथाच पाण्याखाली वीस मीटरांवर असल्याने ते बेट नाही आणि नळी लावून पाहण्याची जागाही नाही.

मालवणच्या खडकांवरील ताण कमी व्हावा म्हणून अलीकडे कृत्रिम भित्तीची योजना पुढे आली आहे. जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार ही नौका राज्याच्या पर्यटन महामंडळाला देण्यात आली असून ती निवती रॉकजवळ बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करायचे ठरले. बुडालेल्या लोखंडावर आधी शेवाळ आणि शिंपले बसतात, मग मासे आसऱ्याला येतात आणि काही वर्षांनी प्रवाळाच्या अळ्याही चिकटतात. डायव्हिंग करणाऱ्यांची गर्दी तिकडे वळली तर किल्ल्यामागच्या खडकांना उसंत मिळेल, असा त्यामागचा तर्क आहे. तो स्कूबा करणाऱ्यांपुरता खरा ठरू शकतो. बुडवलेली नौका सिलिंडर घेऊन उतरण्याइतक्या खोलीवर असते. नळी आणि लाइफ जॅकेट घेऊन येणाऱ्या पाहुण्याला तिचा उपयोग नाही. त्याच्यासाठी कुरटे बेटाचे उथळ खडकच आहेत, आणि मालवणला येणाऱ्यांत त्याचीच संख्या सर्वांत मोठी आहे.